प्राग की बुडापेस्ट? आधी रात्री मोजा

नमस्कार मंडळी!

उत्तर आधी सांगते, मग कारणं. तुमच्या हातात दोन रात्री असतील तर चेकियाची राजधानी प्राग. तीन किंवा चार असतील तर हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. आणि "चार रात्रींत दोन्ही उरकू" असं मनात असेल, तर त्यावर शेवटी बोलूच, पण मी आत्तापासूनच नकारार्थी मान हलवतेय.

हा प्रश्न मला दोन प्रकारची मंडळी विचारतात. एक म्हणजे जर्मनी, नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेली मुलं-मुली. मे महिन्यात जोडून सुट्ट्या येतात, तीन-चार दिवस मिळतात, घरात बसवत नाही. दुसरी मंडळी पुण्या-मुंबईची. पॅरिस झालंय, स्वित्झर्लंडचा बर्फ झालाय, आता "जरा जुनं, निवांत काहीतरी दाखव" म्हणणारी.

दोघंही एकच करतात. पुलासमोर पूल, किल्ल्यासमोर किल्ला, नदीसमोर नदी ठेवून गुण द्यायला बसतात. आणि अडकतात, कारण दोन्हीकडे सगळंच आहे. टेकडीवर किल्ला, खाली नदी, मधे देखणा पूल, पलीकडे जुनं शहर. यादीवरून निवड होणार नाही. म्हणून मी एक वेगळा प्रश्न विचारते. दुपारचे चार वाजलेत. सकाळपासून चालून पाय बोलायला लागलेत. रात्रीच्या जेवणाला अजून वेळ आहे. या वेळी तुम्ही काय करत असाल? प्रागमध्ये असाल तर बहुधा गर्दीत अंग चोरून चालत असाल. बुडापेस्टमध्ये असाल तर गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेले असाल.

[पडद्यावर: प्रागचा नकाशा]

आधी प्राग. या शहराची गंमत अशी, की त्याचा सगळा ऐवज एका दोऱ्यात ओवलेला आहे. जुन्या शहराचा चौक, तिथून दहा मिनिटांवर चार्ल्स ब्रिज, पूल उतरला की माला स्त्राना नावाचा जुना भाग, आणि तिथून चढ चढून गेलं की किल्ला. हे असं एका रेषेत का? तर चार्ल्स ब्रिजमुळे. सम्राट चौथ्या चार्ल्सनं 1357 मध्ये त्याची पायाभरणी केली, आणि त्यानंतर थेट 1841 पर्यंत प्रागमध्ये व्हल्टावा नदीवर दुसरा पूलच नव्हता. म्हणजे राज्याभिषेकाची मिरवणूक असो, व्यापाऱ्याची गाडी असो, नाहीतर चाल करून आलेलं सैन्य असो, सगळ्यांना याच वाटेनं जावं लागायचं. साहजिकच ज्याच्याकडे पैसा होता त्यानं घर, चर्च, महाल याच वाटेवर बांधला. आपल्याला आज त्याचा फायदा असा, की अर्ध्या किलोमीटरचा एक पूल आणि त्याची दोन टोकं पाहिली की प्रागचा मोठा हिस्सा पाहून होतो.

दुसरं कारण, हे शहर वाचलं. दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्ब पडले, नाही असं नाही, पण वॉर्सा किंवा ड्रेस्डेनसारखं बेचिराख झालं नाही. त्यामुळे एकाच गल्लीत मध्ययुगीन गॉथिक कमान, तिच्या शेजारी नक्षीदार बरोक दर्शनी भाग, आणि कोपऱ्यावर 1912 ची कोनाकोनांची क्युबिस्ट इमारत, असं सगळं खरंखुरं उभं आहे. 'काळ्या मॅडोनाचं घर' म्हणून ती इमारत आहे, चौकापासून जवळच. लोक तिच्यासमोरून आइस्क्रीम खात निघून जातात. तुम्ही थांबा.

आता किल्ला. त्याच्या आवारात सेंट व्हीटस कॅथीड्रल आहे. काम सुरू झालं 1344 मध्ये, पूर्ण झालं 1929 मध्ये. आपल्याकडचे उड्डाणपूल रखडले म्हणून चिडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि जुन्या राजवाड्यातली ती प्रसिद्ध खिडकी चुकवू नका. 1618 च्या मे महिन्यात प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या सचिवाला तिथून खाली फेकलं. साधारण वीस मीटरचा कडा. तिघंही जगले! कॅथलिक म्हणाले देवदूतांनी झेललं, प्रॉटेस्टंट म्हणाले उकिरड्यात पडले म्हणून वाचले. पण त्या खिडकीतून जो भडका उडाला त्यात मध्य युरोप 1648 पर्यंत तीस वर्षं जळत राहिला. खोलीत बघण्यासारखं फार काही नाही, एक खिडकीच आहे. तरी मला ती अख्ख्या किल्ल्यात सगळ्यात जास्त आवडते.

खगोलीय घड्याळाबद्दल माझं मत जरा तिरकस आहे. ते 1410 चं आहे आणि अजून चालतं, ही थोर गोष्ट. पण दर तासाला त्याच्यासमोर शेकडो लोक हात वर करून, मोबाइल धरून उभे असतात. वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, कोंबडा आरवतो, मिनिटभरात संपलं. सगळे एकमेकांकडे बघतात, "एवढंच?" आणि त्या गर्दीत खिसेकापूंची चांदी होते. तुम्ही असं करा, साडेदहाला जा. तासाचा खेळ नसतो म्हणून गर्दी विरळ असते, आणि मग तबकडी नीट वाचता येते. सूर्य कोणत्या राशीत आहे, चंद्राची कला कोणती, सूर्यास्ताला किती अवकाश आहे, हे सगळं त्यावर दिसतं. खरी कारागिरी ती आहे, मूर्ती नंतर आल्या.

आता वेळेचं गणित. प्राग सुंदर असतं सकाळी आठच्या आत आणि रात्री दहानंतर. मधल्या वेळात, निदान एप्रिल ते ऑक्टोबर आणि नाताळच्या बाजाराच्या दिवसांत, ते शहर आपलं राहत नाही. म्हणून मी म्हणते दोन रात्री. संध्याकाळी पोहोचलात की जेवून रात्री उशिरा पुलावर जा. दुसऱ्या दिवशी सहा-साडेसहाला पुन्हा त्याच पुलावर. मग 22 नंबरची ट्राम पकडून वर किल्ल्यापाशी उतरा, म्हणजे चढायचं काम ट्राम करते आणि आपण फक्त उतरतो. दुपारी जुन्या शहरातून पळ काढा. व्हिशेहराडच्या जुन्या कोटावर जा, किंवा लेत्नाच्या बागेत जा, तिथून एकामागोमाग एक सगळे पूल दिसतात. आणि हो, डेयवित्से भागात 'ठाकुरोव्हा' नावाचा रस्ता आहे. आपले रवींद्रनाथ ठाकूर, त्यांचाच. 1920 च्या दशकात ते प्रागला येऊन गेले होते. मुद्दाम वाकडी वाट करून जावं असं तिथे काही नाही, पण ट्रामच्या खिडकीतून ती पाटी दिसली की बरं वाटतं.

दोन रात्री, दोन सकाळी. समाधान होतं. तिसऱ्या दिवशी मात्र तीच गल्ली, तीच गार्नेटच्या दागिन्यांची दुकानं, तेच शेगडीवर काठीभोवती फिरणारे त्र्देलनिक नावाचे गोड पाव. रागवू नका प्रागप्रेमींनो. तिथे राहणाऱ्याला ते शहर वर्षभर पुरेल. मी सुट्टीला आलेल्या माणसाबद्दल बोलतेय. फारतर तिसऱ्या दिवशी आगगाडीनं तासाभरावरच्या कुटना होराला जा, चाळीस हजारांवर माणसांच्या हाडांनी सजवलेलं एक चर्च आहे. ज्याला पटेल त्यानं जावं.

[पडद्यावर: बुडापेस्ट, रात्रीची संसद]

बुडापेस्ट पहिल्या दिवशी एवढं प्रेमात पाडत नाही. हे मी स्पष्टच सांगते. स्टेशनबाहेर आलात की काळवंडलेल्या भिंती, रुंद रस्ते, पडलेलं प्लॅस्टर. प्रागसारखं सगळं समोर मांडून ठेवलेलं नाही. आणि अंतरंही मोठी. मुळात ही वेगवेगळी शहरं होती. डोंगराळ बुडा आणि जुनं ओबुडा डॅन्यूबच्या एका काठावर, सपाट पेश्त दुसऱ्या काठावर. 1873 मध्ये ती एकत्र झाली, आणि मग पुढच्या चाळीसेक वर्षांत तिथे बांधकामाचा असा धडाका सुरू झाला, की आज आपण जे बुडापेस्ट बघतो त्यातलं बरंचसं त्याच काळातलं आहे. 1896 मध्ये तिथे भुयारी रेल्वे धावली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. पिवळी, बुटकी, लाकडी चौकटींची स्थानकं असलेली ती एक नंबरची मेट्रो आजही चालू आहे. जिना उतरलात की दोन पावलांवर फलाट, इतकी ती उथळ आहे.

हे शहर प्रागसारखं वाचलं नाही. 1944 च्या डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजांनी वेढा घातला, तो फेब्रुवारी 1945 पर्यंत चालला. माघार घेताना जर्मन सैन्यानं डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले. तुम्ही ज्या साखळी पुलावर सिंहासोबत फोटो काढता तो मूळचा 1849 चा, पण पाण्यात कोसळला होता. परत बांधून बरोबर शंभर वर्षांनी, 1949 मध्ये खुला केला. त्याच हिवाळ्यात हंगेरियन फॅसिस्टांनी इथल्या ज्यूंना नदीकाठी उभं करून, आधी बूट काढायला लावून, गोळ्या घातल्या. संसदेजवळ काठावर आज लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत, 2005 मध्ये बसवलेले. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. कृपा करून तिथे पाय घालून फोटो काढू नका. लोक काढतात, म्हणून सांगतेय.

संसद बघायचीच असेल तर तिकीट घरून, ऑनलाइन काढून जा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका. युरोपियन युनियनबाहेरच्या पासपोर्टला दर जास्त आहे, आणि ओळखपत्र बघतात. आत जमलं नाही तरी रडू नका. ती इमारत नदीपलीकडून बघण्यासाठीच बांधलीय जणू. अंधार पडला की बुडाच्या काठावर जा आणि समोर बघत बसा. किंवा पेश्तच्या बाजूनं 2 नंबरची ट्राम घ्या. नदीच्या कडेकडेनं जाते, साध्या तिकिटात. बोटीची महागडी सफर नंतर ठरवा.

पण मी बुडापेस्टला तीन रात्री द्या म्हणते ते या सगळ्यासाठी नाही. पाण्यासाठी.

या शहराच्या पोटात गरम पाणी आहे. बुडाच्या टेकड्या आणि पेश्तचं मैदान जिथे भेटतात तिथे जमिनीत भेग आहे, आणि तिच्यातून खनिजांचं ऊन पाणी वर येतं. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला कुंडं आहेत, तोच निसर्ग. फरक इतकाच की इथे त्यावर अख्खं शहर आपला रविवार घालवतं. 1541 ते 1686 अशी जवळजवळ दीड शतकं बुडावर तुर्कांचं राज्य होतं, त्यांनी हमाम बांधले. रुडाश हा त्यातलाच, सोळाव्या शतकातला. आठ खांबांवर घुमट, खाली अष्टकोनी कुंड, घुमटाला बारीक रंगीत काचा, आणि त्यातून वाफेत उतरणारे उजेडाचे कवडसे. या तुर्की भागात काही वार फक्त पुरुषांचे, एखादा फक्त बायकांचा, शनिवार-रविवारी सगळे एकत्र, अशी वाटणी असते. वार बघून जा, नाहीतर जोडप्यातलं एक जण बाहेर बाकावर बसेल.

सेचेनी त्याच्या अगदी उलट. 1913 चा, पिवळाधमक राजवाडाच, मोठी उघडी कुंडं. पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात ते फोटो तुम्ही पाहिले असतील, ते इथले. हिवाळ्यात बाहेर शून्याच्या खाली, आणि तुम्ही वाफाळत्या पाण्यात. तिसरा प्रसिद्ध गेलेर्ट, तो मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

आता खरा मराठी प्रश्न. कपडे. पोहण्याचा पोशाख लागतोच. साडी, सलवार-कमीज, सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरता येत नाही. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याच्या कापडाचा पोशाख पुण्यातही मिळतो, तो घेऊन जा. चपला आणि टॉवेल आपले न्या, तिथे भाड्यानं महाग पडतात. पोहायच्या तलावात टोपी सक्तीची असते. माझी आई आधी "मी बाहेरच बसते" म्हणाली होती. मग काठावर बसली, मग पाय सोडले. बाहेर काढताना आम्हाला दोनदा हाका माराव्या लागल्या. कोण बघतंय याची काळजी तिथे पाच मिनिटांत जाते, कारण आजूबाजूला सत्तरीच्या आज्या आपल्याच गप्पांत रमलेल्या असतात. लहान मुलांना मात्र या कुंडांसाठी वयाची अट असते. मुलं बरोबर असतील तर आधी नियम बघा. रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि या स्नानाला अर्धा दिवस जातोच. घाईत उरकलं तर काय उपयोग? म्हणून तीन रात्री.

गुडघ्यांचं बोलायचं तर पेश्त सपाट आहे, ट्रामचं जाळं दाट आहे, किल्ल्यावर 16 नंबरची बस जाते. प्रागमध्ये दगडी फरसबंदी. बाबागाडी आणि दुखरे गुडघे दोन्ही तिथे कुरकुरतात. आई-बाबांना घेऊन जात असाल तर माझा कौल बुडापेस्टला. मुलांसाठीसुद्धा. बुडाच्या टेकड्यांत अकरा किलोमीटरची छोटी रेल्वे आहे. इंजिन मोठी माणसं चालवतात, पण तिकीट देणं, सिग्नल, सलाम ठोकणं हे सगळं दहा ते चौदा वर्षांची मुलं करतात, गणवेशात. आपली मुलं बघतच राहतात.

दोघंच असाल, हातात हात घालून भटकायचंय, तर प्राग. यावर वाद नको.

[पडद्यावर: खाणं]

शाकाहारी मंडळी, तुम्हाला दोन्हीकडे थोडं शोधावं लागेल. प्रागचं जेवण म्हणजे डुकराचं मांस, गाईचं मांस, वरून घट्ट रस्सा आणि वाफवलेले क्नेडलिक, म्हणजे पिठाचे गोळे. शाकाहारात पारंपरिक म्हणाल तर ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चीज, सोबत बटाटे. पहिल्यांदा छान लागतं, दुसऱ्यांदा जड. फळं भरलेले गोड क्नेडलिक मिळाले तर सोडू नका. बुडापेस्टमध्ये लांगोश खा. मैद्याची मोठी तळलेली पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट साय, किसलेलं चीज. तळण डुकराच्या चरबीत नाही ना, हे विचारून घ्या, कारण हंगेरीत चरबीचा वापर जुना आहे. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंडगार सूप मिळतं, ते जेवणाआधी खातात. गुयाश मात्र मांसाचंच, पातळ आणि पाप्रिकाचं, आपल्या रश्शाच्या जवळचं. बाकी भारतीय हॉटेलं दोन्हीकडे आहेत, उपाशी कोणी राहत नाही.

आणि तो त्र्देलनिक. प्रागमध्ये "जुना चेक पदार्थ" म्हणून विकतात, तसा तो नाही. त्याचं घराणं स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाचं, आणि त्याचा भाऊबंद कुर्तोशकलाच ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन लोकांचा. खायचाच असेल तर बुडापेस्टमध्ये खा, आत आइस्क्रीम न भरता, गरम.

पैशांचं. दोन्ही देशांत युरो हे चलन नाही. चेक कोरुना, हंगेरियन फोरिंट. प्रागमध्ये जुन्या शहरातल्या चलन बदलण्याच्या खिडक्यांवर "कमिशन शून्य" असं मोठ्ठं लिहिलेलं असतं, आणि दर असा देतात की कमिशन परवडलं असतं. रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थेट चालू लागा. दोन्हीकडे कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं. फक्त यंत्रानं "रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात" असं विचारलं की नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं, तुमची बँक नाही. बुडापेस्टच्या हॉटेलात बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असू शकतं. बिल वाचा, मग टिप ठरवा.

ऋतू. डिसेंबरमध्ये दोन्ही शहरांत चारच्या सुमारास अंधार. प्राग चालून बघायचं शहर, थंडीत दिवस हातातून निसटतो. बुडापेस्टला अंधारानं काही बिघडत नाही, पाणी गरमच असतं. म्हणून हिवाळ्यात दोन रात्री असल्या तरी मी बुडापेस्ट म्हणेन, हा माझ्याच नियमाला अपवाद. एप्रिलअखेर-मेमध्ये मात्र प्राग. पेत्र्शीन टेकडीवरच्या फळबागा तेव्हा फुललेल्या असतात. आणि शनिवार-रविवार गाठून जाणाऱ्यांनो, दोन्हीकडची ज्यू प्रार्थनास्थळं आणि संग्रहालयं शनिवारी बंद असतात. बुडापेस्टचं दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग, युरोपातलं सगळ्यात मोठं, 1859 चं, शुक्रवारी नाहीतर रविवारी बघा.

राहिला "दोन्ही करू" वाला प्रश्न. प्राग ते बुडापेस्ट आगगाडी साधारण सात तास घेते. चार रात्रींतला एक दिवस खिडकीत गेला, शिवाय दोन हॉटेलं, दोन चलनं, दोनदा बॅगा भरणं. पाच-सहा रात्री असतील तर जरूर करा, पण विमान एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्या शहरातून निघणारं घ्या, म्हणजे परत उलटा प्रवास नको. भारतातून येणाऱ्यांना एकच शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त रात्री राहणार आहात. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. म्हणजे तिथेही पुन्हा आधी रात्रीच मोजायच्या आहेत. मोजून झाल्या की तारखा आणि सोबत कोण आहे ते मला लिहा. आई-बाबा असतील तर त्यांचे गुडघे कसे आहेत तेही लिहा, त्याशिवाय मी सल्ला देणार नाही.